डावीकडचा ब्रेक

रुचिकाची गाडी पांढऱ्या रेघेवर थांबली नाही, एवढंच झालं. रेघ ओलांडून ती चार-पाच हात पुढे गेली आणि समोरच्या प्लॅस्टिकच्या लाल खांबाला टेकून बंद पडली. खांब आडवा झाला. कुणाला लागलं नाही, गाडीला साधा ओरखडा आला नाही. आम्ही पंधरा-वीस जण पत्र्याच्या शेडमध्ये टीव्हीसमोर उभे होतो, कारण लायसनच्या नव्या, कॅमेऱ्यानं घ्यायच्या टेस्टच्या नियमाप्रमाणे ट्रॅकवर उमेदवाराशिवाय कुणी जायचं नाही, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरानं तर नाहीच नाही. गाडी त्याची असली तरी त्यानं बाहेर उभं राहायचं. टीव्हीवर तिच्या नावापुढे लाल फुली उमटली. मागून कुणीतरी म्हणालं, "दोधू सरनी पोरच नापास व्हयनी भो!" सगळे हसले, मीही हसलो. बावीस वर्षं नंदुरबारात ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, हजार-बाराशे माणसं शिकवली, आणि 'आजवर एकही नापास नाही' हे दुकानाच्या पाटीवर मीच रंगवून घेतलंय. मग हसू व्हायचंच. रुचिका उतरून माझ्याकडे आली. रडवेली नव्हती, चक्रावलेली होती. म्हणाली, "पप्पा, मी ब्रेक दाबा ना! गाडी थांबनीच नही. तुमनासंगे त रोज थांबे."

रोज त थांबे. पोरगी बोलून गेली आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळला. ज्यांनी कधी स्कूलची गाडी पाहिली नाही त्यांना सांगतो. आमच्या गाडीत डावीकडे, मास्तरच्या पायाशी, आणखी एक ब्रेक असतो. तिथून एक सळई सीटखालून जाते आणि उजवीकडच्या खऱ्या ब्रेकला जोडलेली असते. शिकणारा घाबरला, समोर म्हैस आली, तर मास्तरानं गाडी थांबवावी म्हणून ती सोय. अडीनडीसाठी. पण माझा पाय अडीनडीची वाट बघत नाही. शिकणाऱ्याचा पाय ब्रेककडे सरकला की माझाही सरकतो. त्याचा नुसता टेकतो, माझा दाबतो. आणि मी डावीकडून दाबला की उजवीकडचा पॅडलही त्याच्या पायाखाली आपोआप खाली जातो. त्याला वाटतं, आपल्याच पायानं गेला. गाडी कशी अलगद थांबते. तो माझ्याकडे बघून हसतो, मी म्हणतो, "शाब्बास." हे मी कधी ठरवून केलं नाही, देवाशपथ. सुरुवातीला गाडी नवी होती, हप्त्याहप्त्याला कुणीतरी ती कशावर तरी नेऊन घालायचं, म्हणून पाय तयार ठेवायचो. पुढे तयार पाय आधीच पडायला लागला. मग जुन्या टेस्टच्या वेळी, मैदानावर, मी शेजारीच बसलेला असायचो, आरटीओचे साहेब बाहेर उभे राहून गाडी बघायचे, माणसांचे पाय कोण बघतो? एकही नापास नाही. त्या पाटीचं गुपित माझ्या उजव्या चपलेत होतं.

चपलेचं हसण्यावारी नेत आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा चांभार दर वेळी म्हणायचा, "सर, तुमनी एकच चप्पल कशी झिजस?" आणि सिंधुबाई, माझी बायको, तिचं वेगळंच. झोपेत माझा पाय तिच्या पोटरीवर पडतो आणि मी जोर देतो. "आहो, मन्हा पायवर कसाले ब्रेक दाबी ऱ्हायनात?" ती करवादायची, मी कूस बदलायचो, सकाळी दोघंही हसायचो. बसमध्ये बसलो तरी पुढच्या सीटखालचा दांडा माझा पाय शोधून काढतो. चांगला मास्तर असाच असतो, असं मी लोकांना सांगायचो. रक्तातच ब्रेक आहे म्हणायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि त्या अंधारात मी बावीस वर्षं मजेत पाय हलवत बसलो होतो.

रुचिकाला मी काहीच सांगितलं नाही. म्हणालो, "जाऊ दे बेटा, पुन्हा देऊ." ती खांडबाऱ्याला बँकेत आहे, रेल्वेनं जाते-येते. स्वतःची गाडी घ्यायचं तिच्या मनात होतं. "मन्हाच पाय हलका शे का पप्पा?" तिनं विचारलं. तिच्या सँडलकडे बघत मी म्हणालो, "नही, नही. सवय व्हई जाई." तिला स्टेशनवर सोडलं. डब्यात चढताना तिनं हात हलवला तेव्हा मला काय आठवावं? पुणं. बारावीनंतर तिला पुण्यात कॉलेज मिळालं होतं. पोरीला एवढ्या लांब ठेवायची माझी छाती होईना, पण नाही म्हणायचीही होईना. वसतिगृहावर ओळखीचे गृहस्थ होते, त्यांना मी फोन केला, जागा नाही म्हणून सांगा. त्यांनी सांगितलं. ती दोन दिवस रडली आणि इथल्या कॉलेजात गेली. अजूनही पुण्याचा विषय निघाला की म्हणते, "जागाच नव्हती ना." तिथंही ब्रेक मी दाबला होता, तिला कळलं नाही. गाडी सुटली आणि मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो. उजवा पाय फरशीवर जोरानं टेकलेला होता. आणि तोवर ज्याच्याबद्दल विचार करायचं मी टाळत होतो तो गोवाल माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखा झाला, कारण रुचिकाच्या त्या एका वाक्यात त्याचं सगळं मरण होतं.

गोवाल आणि रेवजी, धडगावकडच्या एका पाड्यावरचे दोघे सख्खे भाऊ. पावरा आदिवासी. दोघं एकदमच शिकायला आले, साडेतीन वर्षांपूर्वी. वीस दिवस शहरात मावशीकडे राहिले. आमच्याकडे पद्धत अशी, चार-चार जणांना एका गाडीत घेऊन निघायचं, एकानं चालवायची, बाकीच्यांनी मागे बसून बघायचं, पाच-सहा किलोमीटरला माणूस बदलायचा. गोवाल मोठा. हसतमुख, गाडी चालवताना तोंडानं काहीतरी गुणगुणणारा, आणि चालवायचा काय सुंदर! थांबवायची म्हटली की लोण्यात सुरी जावी तशी थांबवायचा. रेवजी धाकटा, घुम्या, आश्रमशाळेत शिकलेला, तिथलं नीटस मराठी बोलायचा, आणि गाडी थांबवताना असा कचकन झटका द्यायचा की मागच्यांची डोकी पुढच्या सीटवर आपटायची. मी त्याला किती बोललो असेन! "रेवजी, भावाकडे बघ. त्याचा पाय बघ, कसा हलका. तू काय गाडीचा बदला घेतोस का?" मागे बसलेले हसायचे. रेवजी खाली मान घालायचा. टेस्टला दोघंही पास झाले, मी शेजारी होतोच. गोवाल मैदानातच वाकून माझ्या पाया पडला. दोन्ही पायांना हात पुरला नाही, घाईत एकालाच लागला, उजव्याला. त्याला मी आशीर्वाद दिला, सांभाळून चालव.

गेल्या वर्षी होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या गर्दीत, धडगावहून तळोद्याकडे उतरताना घाटात गोवालची जीप खाली गेली. गोवाल गेला, मागे बसलेल्या दोन बायाही. बाकीचे झाडाझुडपांत अडकून वाचले. ब्रेक फेल, असं सगळे म्हणाले, मी सगळ्यांच्या आधी म्हणालो. जीप ओढून वर आणली ती तळोद्याच्या तौहिदच्या गॅरेजात. तौहिद माझा जुना मित्र, माझ्या गाडीची ती सळई त्यानंच बसवलेली. तेरा-चौदा दिवसांनी मी सहज गेलो तेव्हा हात पुसत म्हणाला, "दोधू, ब्रेक शाबूत व्हता रे. ऑइल व्हतं, पॅडल व्हता. रोडवर टायरना एक घसरा नही. त्यानी ब्रेक दाबाच नही." मी म्हणालो, "घाबरी गया व्हई बिचारा." तौहिद पुन्हा हात पुसायला लागला. मग म्हणाला, "व्हई." मी त्याला म्हणालो, आता कशाला बोलायचं, घरच्यांना आणखी त्रास, ब्रेक फेल तर ब्रेक फेल. झाकली मूठ. त्या दिवसापासून मी तळोद्याला गाडी सर्व्हिसिंगला नेणं बंद केलं, का ते स्वतःलाही विचारलं नाही. आज त्या बाकावर बसून मला दिसलं. तो घाबरला नव्हता. वळण आलं, त्यानं पाय ब्रेकवर टेकवला, माझ्या गाडीत टेकवायचा तेवढाच, हलका, शाब्बासकी मिळालेला, आणि पॅडल आपोआप खाली जायची वाट बघितली. गुणगुणत असेल. रुचिकानं बघितली तशी वाट बघितली. फक्त तिच्यापुढे प्लॅस्टिकचा खांब होता.

मग रेवजी. बाकावरून मी असा उठलो की शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढली. गोवाल ज्याची जीप चालवायचा त्या मालकानं नंतर दुसरी जीप घेतली आणि ती आता रेवजी चालवतो, त्याच घाटात, दिवसातून दोन फेऱ्या. पास तोही माझ्याच शेजारी बसून झालेला. आणि आज धडगावचा बाजार, म्हणजे आत दहा, मागे लोंबकळणारे चार, टपावर बोचकी. वर्षभर वाचला तो कसा वाचला? घाटात फोन लागत नाही हे ठाऊक असून मी सहा वेळा लावला. लागला असता तर काय सांगणार होतो? की बाबा रे, तुला ब्रेक दाबता येत नाही, तुला वाटतं येतो? लोक मला वेडा म्हणतील ते परवडलं, पण हे फोनवर सांगायचं नसतं एवढं मला कळत होतं. तळोद्यापर्यंत स्कूलच्या गाडीनं गेलो. तापीच्या पुलावर ऊन रखरखत होतं, उसाचे ट्रॅक्टर पुढे चालले होते, आणि उजवीकडे बसून चालवताना मला सारखं वाटत होतं की डावी सीट रिकामी आहे, तिथं कुणीतरी असायला हवं. पुढून येणारा प्रत्येक टेम्पोवाला, प्रत्येक कारवाली पोरगी मी बघत होतो. हा माझा का? ही माझी का? हजार-बाराशे माणसं या जिल्ह्यात रोज पाय टेकवून बसली आहेत, आणि मी त्यांच्या शेजारी नाही.

तळोद्याच्या स्टॅंडवर कळलं, रेवजी आत्ताच वर गेला. मी गाडी तिथंच लावली आणि पाठोपाठ निघणाऱ्या जीपमध्ये बसलो. खरं सांगू का, घाटात गाडी मी स्वतः घालतच नाही. दहा-बारा वर्षांत घातली नाही. पोरं मी शिकवली ती नंदुरबारच्या सपाट डांबरी रस्त्यावर, आणि पाठवली घाटात. जीप पहिल्या गिअरमध्ये रडत चढत होती. वर जाताना ब्रेकचं काम नसतं, हे मी मनाला पुन्हा पुन्हा सांगत होतो. वर जाईपर्यंत रेवजीला काही होणार नाही, उतरताना मी त्याच्या जीपमध्ये असेन. असून काय करणार होतो ते देव जाणे. खिशात हात गेला तर कागद लागला. निवेदन. जिल्ह्यातल्या सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी मिळून द्यायचं, मसुदा माझा, हा त्याचाच कच्चा कागद, सगळ्यात वरची सही माझी व्हायची. 'नवीन चाचणीच्या जाचक अटी तात्काळ रद्द कराव्यात.' मुद्दे काही खोटे नव्हते. डोंगरातली गरीब पोरं चार-चार वेळा नापास होतील, प्रत्येक खेपेला नंदुरबारला यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार, शेवटी बिनलायसनची चालवतील. कॅमेऱ्याला माणसाची भीती कळत नाही. ट्रॅकवरचा चढ घाटासारखा नाही. प्रशिक्षकास उमेदवाराशेजारी बसू द्यावे, हा मुद्दा क्रमांक पाच. तो मी स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि त्याखाली रेघ ओढली होती. कागदाची पुन्हा घडी करून मी तो खिशात कोंबला.

धडगावच्या स्टॅंडवर मिरच्या, सुकी मासळी आणि डिझेल यांचा एकच वास होता. रेवजी जीपच्या टपावर बोचकी बांधत होता. मला बघून खाली उतरला. अंगानं भरला होता, मिशी आली होती, बघण्यात मात्र तोच घुमेपणा. "सर, तुम्ही इकडे?" "जरा काम होतं," मी म्हणालो. "तळोद्याला जायचंय." "पुढे बसा मग." त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला पावरीत काहीतरी सांगून मागे पाठवलं आणि मला खिडकीशी, डावीकडे, जागा करून दिली. मधे एक म्हातारी, मांडीवर कोंबडी धरून. तेवढ्यात अजीजभाईचा फोन आला. अजीजभाई म्हणजे आमच्याच धंद्यातले, दुसऱ्या स्कूलचे मालक, निवेदनाचे खजिनदार. "दोधूभाई, कहाँ हो? सबकी साइन हो गई, तुम्हारी बाकी है." मी म्हणालो, "अजीजभाई, रुचिका नापास व्हयनी." "वही तो! तुम्हारी बेटी फेल होती है तो गरीब का क्या होगा? इसको भी निवेदन में डालते हैं, मुद्दा नंबर छह." काय सांगायचं होतं? अजीजभाईच्या गाडीतही तौहिदनंच सळई बसवली आहे. "नेटवर्क नही," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

जीप निघाली. मी रस्ता बघत नव्हतो, रेवजीचा पाय बघत होतो, पण मधे म्हातारी आणि कोंबडी, पाय नीट दिसेना. उतार सुरू झाला. पहिल्या वळणाला माझा पाय पुढे गेला आणि पत्र्यावर आपटला. तिथं काही नव्हतं, वाळू आणि विड्यांची थोटकं. जीप मात्र वळणाच्या आधीच मंद झाली होती. कचकन झटका, मागून शिव्या, आणि मग वळण. दुसऱ्या वळणालाही तेच. आधी झटका, मग वळण. प्रत्येक वेळी कोंबडी ओरडायची. मी मोजायला लागलो आणि मोजता मोजता माझ्या डोक्यात काहीतरी उलटंपालटं व्हायला लागलं. याला येत होतं. याला ब्रेक दाबता येत होता, माझ्या गाडीतही येत होता, म्हणून तर झटके बसायचे! माझ्या पायाच्या आधी त्याचा पडायचा. आणि मी त्याला रोज, सगळ्यांसमोर, न येणाऱ्यासारखं चालव म्हणून बोलत होतो. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. वाचला, हा तरी वाचला. पण भांडं कुठे होतं? जीव खालीच जात राहिला.

मधल्या एका वळणावर रेवजीनं जीप कडेला घेतली आणि चाकाला दगड लावला. कुणी काही विचारलं नाही, रोजचंच असावं. कठड्याशी एक उभा दगड होता, शेंदूर लावलेला. गोवालची जीप गेली ती इथूनच, हे मी ओळखलं. रेवजीनं बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं, थोडं स्वतः प्यायला. मी उतरून त्याच्यामागे गेलो. खाली खूप खोल सागाची पानं पांढुरकी दिसत होती. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"रेवजी, मला तुला गोवालबद्दल सांगायचंय."

"ब्रेकचं ना, सर?"

त्यानं मान वळवली नव्हती. बाटलीचं झाकण लावत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "गोवाल चालवायचा तेव्हा मी मागे बसायचो. त्याच्या बरोबर मागे. तिथून तुमचा पाय दिसायचा."

मग माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला मरेपर्यंत लाज वाटेल, कारण ते मी मास्तराच्या आवाजात म्हणालो, दरडावून: "मग त्याला सांगितलं का नाहीस?"

रेवजीनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"जीप मिळाली तेव्हा एकदा तो म्हणाला होता, या जीपचा ब्रेक बेकार आहे, सरांच्या गाडीचा किती छान होता. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी हसलो, सर. तुम्ही रोज त्याची तारीफ करायचे, मला बोलायचे. मला वाटलं, कळू दे त्याचं त्याला. फक्त हसलो." त्यानं दगडावरचं एक वाळकं पान काढून टाकलं. "महिनोन् महिने चालवली त्यानं. मला वाटलं, आला असेल आता ब्रेक दाबायला. सपाटीला तेवढ्यावर चालून जायचं. त्या दिवशी घाट होता, गर्दी होती, वजन होतं."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुझ्या आईला मी येऊन सांगतो. पोलिसांना सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"नको." हे तो पटकन म्हणाला. "आईला ब्रेक फेल माहीत आहे. तेच राहू द्या. तुम्ही सांगितलं तर ती मला विचारेल, तू मागे बसायचा ना, तुला दिसलं नाही का? मग मी काय सांगू?"

मी आलो होतो ते ओझं उतरवायला. आता ते उतरवायचं म्हटलं तर या पोराच्या डोक्यावरच ठेवावं लागणार होतं. बोललो तरी पाप, न बोललो तरी पाप. रडावंसं वाटत होतं आणि रडायचाही हक्क त्याचा होता, माझा नव्हता. जीपमधून कुणीतरी हाक मारली. रेवजी चाकाखालचा दगड काढायला वाकला आणि वाकूनच म्हणाला, "ती नवीन टेस्ट तुम्ही लोक बंद करणार म्हणतात. खरं आहे का, सर?"

माझा हात खिशावर गेला. कागद तिथंच होता, घामानं मऊ झालेला. नाही म्हणायला काय लागतं? एक अक्षर. तोच कागद काढून त्याच्यासमोर फाडायला काय लागत होतं? मी म्हणालो, "बघू." आयुष्यभर जिथं जिथं मला धीर झाला नाही तिथं तिथं मी हेच म्हणत आलोय. रेवजीनं दगड जीपमध्ये टाकला. "बसा सर," तो म्हणाला, "लोक खोळंबले आहेत."

पुन्हा उतार. म्हातारी आता झोपली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर येत होतं. मला वाटत होतं ही जीप कुठंच पोचू नये, तळोदं येऊ नये, अजीजभाई येऊ नयेत, रुचिका संध्याकाळी घरी येऊन मला पुन्हा काही विचारू नये. पाटी उतरवीन. सळई काढीन. हे मी ठरवत होतो आणि ठरवतानाच मला ठाऊक होतं की सळई काढली तरी पाय राहणारच आहे, आणि बाराशे माणसांना गाठून एकेकाला कोण सांगणार, की तुम्ही थांबवत होता ती गाडी तुम्ही थांबवत नव्हता? कोण विश्वास ठेवेल? मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि रस्त्याकडे लक्ष नव्हतं तेव्हाच वळणावरून एसटी वर आली. सगळा रस्ता व्यापून, हॉर्न न देता. डावीकडे दरी. माझा उजवा पाय जीव खाऊन पत्र्यावर गेला. दात आवळले, मांडीत गोळा आला, पूर्ण ताकदीनं मी ती जीप दाबून धरली. जीप थांबली. कचकन, सगळ्यांची डोकी पुढे आपटवत, एसटीपासून हातभर अंतरावर. एसटीचा ड्रायव्हर काहीतरी ओरडला, मागे घेऊन बाजूनं निघून गेला. धूळ बसली. मागची माणसं बोलायला लागली, कुणी हसलंसुद्धा. म्हातारीनं कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला.

रेवजीनं जीप सुरू केली नाही. तो म्हातारीच्या गुडघ्यांवरून खाली, माझ्या पायाकडे बघत होता. साडेतीन वर्षांपूर्वी मागच्या सीटवरून बघायचा तसा.

"पाय उचला, सर," तो हळूच म्हणाला. "तिथं काही नाही."

मी उचलायला गेलो. पाय तिथून हलेना.